एक बादली पाणी, आतून कडी

पडेगाव, मिटमिटा आणि छावणीच्या आसपास राहणाऱ्या घरांसाठी हे चार शब्द. दोन खोल्यांचं घर. दारात निळा ड्रम, गच्चीवर काळी टाकी. घरातलं कुणी वाळूजला शिफ्टला जातं, लेकरं शाळेत, आणि सगळ्यांचं लक्ष पाण्याच्या दिवसाकडे. अशा घरात संध्याकाळपर्यंत डोकं जड होतं. खांदे आखडतात. बारीकसारीक गोष्टीवरून आवाज चढतो. रात्री अंग थकलेलं असतं, तरी डोळ्याला डोळा लागत नाही.

त्यावर एक साधा उपाय आहे. रात्री निजण्याआधी सोसेल अशा गरम पाण्यानं निवांत आंघोळ.

उपाय जुनाच आहे. फक्त तो आपल्या घराच्या मापाचा करून घ्यावा लागतो. मासिकांत चित्रं येतात. पांढरा शुभ्र टब, त्यात गुलाबाच्या पाकळ्या, कडेला मेणबत्त्या. तो टब एकदा भरायचा तर दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. म्हणजे तुमच्या दारातला ड्रम एका माणसाच्या आंघोळीत संपला. पैठणच्या नाथसागरातून उपसून आणलेलं पाणी, तेही रोज न येणारं, किंवा टँकरवाल्याला पैसे मोजून घेतलेलं. ते असं उडवून कुणाचा ताण हलका होणार? उलट उद्या भांडी कशात घासायची याचा नवा घोर लागेल.

म्हणून आपलं माप एक बादली. पंधरा लिटरची साधी बादली पुरेशी आहे. ओढगस्तीच्या दिवशी अर्धीही चालते. शॉवर असला तरी संध्याकाळी तो बंदच ठेवा. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर सहज जातात आणि किती गेलं ते कळत नाही. बादलीत उरलेलं पाणी डोळ्यांना दिसतं.

आता वेळ. ही आंघोळ अंथरुणाला पाठ टेकायच्या तास-दोन तास आधी करा. दहाला झोपत असाल तर आठ-साडेआठला. हे नुसतं सांगोवांगी नाही. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली आधी झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. झोपेच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२ अंशांच्या पाण्यानं अगदी दहा मिनिटं आंघोळ केली, तरी झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते, असं त्यांना दिसलं.

त्याचं कारणही सोपं आहे. झोप येण्यासाठी शरीराच्या आतली ऊब थोडी उतरावी लागते. गरम पाणी अंगावर घेतलं की रक्त हातापायांकडे, कातडीकडे येतं. मग आतली उष्णता त्या वाटेनं बाहेर पडते. तासाभरात अंग आतून निवतं आणि डोळे जड व्हायला लागतात. म्हणून आंघोळ आणि झोप यांत तेवढं अंतर हवं. मोरीतून निघून थेट अंथरुणात शिरलात, तर अंग तापलेलंच राहतं आणि तळमळ होते.

पाणी किती गरम? थर्मामीटर शोधायला नको. बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम ओता. हा क्रम चुकवू नका. नुसती कढत पाण्याची बादली मोरीत ठेवली आणि लेकरू धावत आलं, तर घात होतो. पाणी ढवळून कोपर बुडवा. ऊब लागावी, चटका नको. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर त्याच्या पाण्याला दुसऱ्या कुणीतरी हात लावून बघा. मधुमेहात पायांची जाणीव कमी होते. पाय पोळतो आणि कळतच नाही. हृदयाचा त्रास असलेल्यांनी, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि पोटुशी बाईनं पाणी कोमटच ठेवावं. फार गरम पाण्यानं चक्कर येते.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात मात्र हिशोब वेगळा. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी चार वाजता हात लावू देत नाही. गार पाण्याचा नळ म्हणून सोडावा आणि त्यातून वाफाळतं पाणी यावं, असे ते दिवस. तेव्हा काही तापवायची गरज नाही. पाच वाजता एक बादली भरून मोरीत सावलीला झाकून ठेवा. आठपर्यंत ती अंगाला बरी वाटेल इतकी निवते. त्यात वाळ्याची छोटी जुडी टाका. माठात टाकता तशीच, स्वच्छ धुऊन. वास मंद येतो आणि दिवसभराचा उकाडा विसरायला होतो. फ्रिजचं गार पाणी मात्र अंगावर ओतू नका. त्यानं क्षणभर बरं वाटतं, पण अंग दचकून जागं होतं. आपल्याला नेमकं उलटं हवं आहे.

ज्यांच्याकडे सोलर आहे त्यांच्यासाठी तर संध्याकाळच चांगली. दिवसभर ऊन खाऊन पाणी तेव्हाच सगळ्यात जास्त तापलेलं असतं. सकाळपर्यंत त्यातली ऊब कमी होते. त्यातही सोलरचं पाणी तापलेलं यायच्या आधी नळीतलं गार पाणी येतं. ते मोरीत सोडून देऊ नका, दुसऱ्या बादलीत धरा.

अंगणात बंब किंवा चूल पेटवत असाल तर त्यात प्लास्टिक, रबर, जुन्या चपला घालू नका. पाणी तापेल, पण धूर घरातल्यांच्याच छातीत जाईल.

आता आंघोळीकडे वळू.

आधी मोबाईल बाहेर ठेवा. मोरीच्या खिडकीत नाही, टॉवेलच्या घडीत नाही, बाहेरच्या खोलीत. घरातल्यांना एकदाच सांगा, पंधरा मिनिटं हाक मारायची नाही. मग आत जा आणि आतून कडी लावा.

त्या कडीवर जरा बोलायचं आहे, कारण माझ्या मते अर्धा गुण तिचाच आहे. आपल्या घरांत माणसाला एकटं बसायला जागा नसते. बाहेरच्या खोलीत टीव्ही, आतल्या खोलीत अभ्यास, ओट्याशी स्वयंपाक, दारात शेजारी. आतून बंद होणारं आणि कुणी ‘का लावलं?’ असं विचारणार नाही, असं एकच दार असतं. ते मोरीचं. माणूस तिथेच हुंदका देऊन घेतो, तिथेच मनातल्या मनात हिशोब जुळवतो. मग ती जागा नीट ठेवा. खिळ्यावर लोंबकळणारे ओले कपडे काढा. शांपूच्या रिकाम्या पुड्या टाकून द्या. फरशीवरचं शेवाळ आठवड्यातून एकदा घासा. फार उजेड डोळ्यांवर येत असेल तर छोटा दिवा लावा. एवढं पुरे, मेणबत्त्या लागत नाहीत.

पाटावर किंवा प्लास्टिकच्या स्टुलावर बसा. उभ्यानं भराभर पाणी ओतून घेण्याची सवय सकाळची, घाईची. आता घाई नाही. पहिला तांब्या पायांवर घ्या. दुसराही पायांवरच. मग गुडघे, मग हात. शेवटी मानेच्या मागून खांद्यांवर बारीक धार सोडा. तांब्या कलता धरा, एकदम पालथा करू नका. धार बारीक असेल तर एक तांब्या बराच वेळ पुरतो. दिवसभर शिलाई मशीनवर बसलेल्यांचे, लाईनवर उभं राहून काम करणाऱ्यांचे खांदे त्या धारेखाली सुटायला लागतात, ते तुम्हाला जाणवेल. दोन तांब्यांच्या मधे थांबा. श्वास नाकानं आत घ्या, त्याहून सावकाश बाहेर सोडा. तीन-चार वेळा. मोजायचं नसेल तर मोजू नका. नामस्मरणाची सवय असेल तर नाम घ्या, श्वास आपोआप संथ होतो.

बोअरचं पाणी वापरत असाल तर साबणाचा फेस होत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मग माणूस आणखी साबण चोळतो आणि कातडी फुटते, खाज सुटते. संध्याकाळी साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना लावा. बाकी अंगाला नुसता ओला पंचा फिरवा. दिवाळीचं उटणं डब्यात पडून असेल तर ते चिमूटभर दुधात किंवा पाण्यात कालवून लावा. त्याचा वास आला की आपसूक सणाची आठवण होते. बाजारात आंघोळीचे म्हणून महागडे क्षार आणि तेलाच्या बाटल्या मिळतात. त्यांच्यावाचून काही अडत नाही. कडुनिंबाचा पाला टाकायचा असेल तर टाका, धूळ लागून अंग खाजतं तेव्हा अनेकांना त्यानं बरं वाटतं.

केस भिजवू नका. संध्याकाळी न्हायलं की सर्दी होते, असं घरातली जाणती माणसं म्हणतात. सर्दी विषाणूनं होते, आंघोळीनं नाही. पण ओले केस घेऊन पंख्याखाली झोपलं की डोकं धरतं आणि उशी ओली होते, हेही खरं. डोक्यावरून पाणी नेहमीच्या दिवशी, सकाळी घ्या.

अंग पुसताना चोळू नका, टिपा. अंग किंचित ओलं असतानाच हातापायांना खोबरेल लावा. पण ते मोरीत नको. बाहेर चटईवर बसून लावा. ओली फरशी आणि तेलाचे तळवे म्हणजे पडायला आमंत्रण. घरात सत्तरीचं माणूस असेल तर मोरीच्या भिंतीला धरायला एक दांडी बसवून घ्या आणि त्यांच्यासाठी कडी न लावता दार लोटून घ्यायची सवय ठेवा.

मग सैल सुती कपडे घाला. हलकं जेवण करा. आंघोळ जेवणाआधी झालेली बरी, पोट जड असताना गरम पाणी नकोसंच होतं. जेवणानंतर भांडण, हिशोब आणि नातेवाइकांचे फोन तेवढे टाळता आले तर बघा.

ही बादली घरात कुणाला आधी मिळावी? मला विचाराल तर सगळ्यात उशिरा जिचं काम संपतं तिला. बहुतेक घरांत ती घरातली बाई असते. ती सकाळी सगळ्यांच्या आधी घाईत दोन तांबे घेते आणि मोटर चालू करायला धावते. टँकर आला की हंडे भरायला तीच. नळ रात्री अकराला येणार असेल तर जागी तीच. संध्याकाळची निवांत बादली मात्र घरात कधी निघालीच तर तिच्या वाट्याला शेवटी येते, तीही गार झालेली. भाऊ, एवढं करा. ती मोरीत असेल तेवढा वेळ गॅसवरच्या भाजीकडे तुम्ही बघा. लेकरांना तुमच्याजवळ बसवा. तिला दाराबाहेरून ‘झालं का?’ म्हणून विचारू नका. आणि ताई, तुम्हीही ‘मला कुठला वेळ’ म्हणून ही पाळी सोडून देऊ नका. तुम्ही शांत झोपलात तर सकाळी सगळं घर शांत उठतं.

शिफ्टवाल्यांचं गणित निराळं. सेकंड शिफ्ट संपली की कंपनीची बस रात्री उशिरा सोडते. पोटात भूक, अंगाला ऑइलचा वास, कानात मशीनचा आवाज. तेव्हा तास-दोन तासांचं अंतर जमणार नाही. अर्धी बादली कोमट पाणी घ्या, हातपाय-मान-पाठ धुवा, थोडं खा आणि आडवं व्हा. गरम पाण्याची मोठी आंघोळ तेव्हा नको. थर्ड शिफ्ट करणाऱ्यांची संध्याकाळ सकाळी होते. घरी आल्यावर आंघोळ करा, नाश्ता करा, खिडकीला जाड चादर लावा आणि मग झोपा. घरातल्यांनी तेव्हा कुकरच्या शिट्ट्या थोड्या आवराव्यात.

आणि पाणीच नसेल तर? उद्या नळाचा दिवस, आज ड्रमच्या तळाशी हात लागतोय, अशी रात्र प्रत्येक घरी येते. तेव्हा आंघोळ सोडा आणि पाय शेका. घमेल्यात किंवा छोट्या टबात चार-पाच लिटर गरम पाणी घ्या, घोट्याच्या वर येईल इतकं. खुर्चीवर बसून दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवा. ओला पंचा मानेवर ठेवा. हातापायांना ऊब मिळाली की आतली उष्णता बाहेर पडायची वाट इथेही मोकळी होते. तेच पाणी मग संडासात टाका. ज्या म्हाताऱ्या माणसांना मोरीत उतरणं जड जातं त्यांनी तर रोज हेच करावं.

आंघोळीचं पाणीही वाया घालवू नका. मोरीच्या पायपाला एक वळण देऊन ते कुंडीकडे, जास्वंदीच्या किंवा शेवग्याच्या बुडाशी सोडता येतं. साबण कमी असेल तर झाडांना काही होत नाही. आपलं शहर पाण्याच्या बाबतीत कधीकाळी फार शहाणं होतं. मलिक अंबरनं १७व्या शतकात इथे नहर खोदली. पुढे पाणचक्कीला डोंगरातून नळांनी पाणी आणलं गेलं आणि त्याच पाण्याच्या जोरावर पिठाचं जातं फिरवलं गेलं. पडेगाववरून पुढे गेलं की दौलताबाद. तिथे किल्ल्यात शाही हमाम आहे, राजेलोकांच्या आंघोळीची इमारत. लेकरांना घेऊन गेलात तर दाखवा. त्यांना एवढं मोठं बांधकाम लागलं, आपलं एका बादलीत भागतं.

आता ज्यावर थोडं दरडावून बोलायचं आहे त्या गोष्टी.

गॅस गीझर बंद मोरीत लावू नका. लागलेला असेल तर बाहेर काढून घ्या. बंद जागेत तो कार्बन मोनॉक्साइड हा वायू सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि तो कडी उघडायला उठतच नाही. थंडीत अशा बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी येतात. आज बदलणं शक्य नसेल तर निदान असं करा. दार-खिडकी उघडी ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या, मग आत जा. कडी आणि चालू गॅस गीझर एकत्र कधीही नको.

पाणी तापवायचा रॉड वापरत असाल तर बटण बंद करून, पिन बोर्डातून काढूनच पाण्यात बोट घाला. ‘बघू तापलं का’ म्हणून चालू रॉडच्या बादलीत हात घालणं जिवावर बेततं. लोखंडी किंवा स्टीलची बादली नको. ओल्या पायांनी बोर्डाला हात नको. आयएसआय शिक्क्याचा रॉड घ्या आणि घराला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

रात्री बादली भरून मोरीत तशीच ठेवू नका, घरात रांगतं लेकरू असेल तर मुळीच नाही. लहान मूल डोक्याकडून बादलीत पडलं तर स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. आणि साठवलेलं पाणी झाका. डेंग्यूचा डास स्वच्छ, उघड्या पाण्यातच अंडी घालतो. ड्रमला घट्ट झाकण नसेल तर जुनी सुती साडी बांधा. नळ यायच्या आदल्या दिवशी तो रिकामा झाला की आतून घासून कोरडा करा. आठवडाभर आंघोळीला पाणी पुरवलं आणि घरात ताप आणला, असं व्हायला नको.

सुरुवात रोजची करू नका, नाहीतर तिचंच ओझं होईल. पाणी आलं त्या रात्री एक आणि मधल्या दिवशी एक, एवढ्यानं करा. घरातल्या चौघांना एकाच रात्री चार बादल्या कशाला? पाळी लावा. आज आई, परवा बाबा, मग दहावीचा पोरगा, मग आजी. परीक्षेच्या दिवसांत पोराची पाळी आधी घ्या. पहिल्या दोन-तीन वेळा काही वेगळं वाटणार नाही. डोक्यात तेच विचार फिरतील. फिरू द्या. शरीराला सवय लागली की बादली भरण्याच्या आवाजानंच खांदे सैल व्हायला लागतात.

पण आंघोळीकडून नको तेवढी अपेक्षाही ठेवू नका. कर्जाचा हप्ता, सुटलेली नोकरी, घरातलं आजारपण बादलीनं धुऊन जात नाही. दोन-तीन आठवडे नीट झोप नाही, जेवणावर वासना नाही, सारखं रडू येतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, असं झालं तर घाटी रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि जीव नकोसा वाटण्याचा विचार घरातल्या कुणाच्याही तोंडून निघाला तर सकाळची वाट बघू नका, त्या माणसाला एकटं सोडू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेचा नंबर आहे १४४१६. तो दिवसरात्र चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर आजच मोरीच्या दाराशेजारी, कॅलेंडरच्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा.